कर्ण्याचे तोंड कोणीकडे

कलावंताचा आवाज जगातली कोणतीही सत्ता दाबू शकत नाही. हे वाक्य मी चिंचवड, चाकण, तळेगाव आणि देहूरोड इथल्या निरनिराळ्या व्यासपीठांवरून, निरनिराळ्या पक्षांच्या वक्त्यांच्या तोंडून ऐकले आहे, आणि दर वेळी माझ्याच लाउडस्पीकरमधून ऐकले आहे. माझ्या मशीनला डाव्या हाताला एक काळे बटन होते. ते शेवटपर्यंत मागे फिरवले की कलावंत, सत्ता आणि वक्ता या तिघांचाही आवाज सारखाच बंद होत असे.

यंदा या अंकाने ‘गायकांनी गाण्यातून राजकीय मते मांडावीत काय?’ हा विषय काढून जाणत्यांची मते मागवली आहेत. माझे मत कोणी मागवले नव्हते. संपादकांच्या कन्येच्या लग्नात मंडपाचा आवाज माझ्याकडे होता, तेव्हा भिडेपोटी ते म्हणाले, “वसंतराव, तुम्हीही लिहा काहीतरी.” मत माझ्याकडे नाही. एका गाण्याची हकीगत आहे. तिच्यावरून ज्याला मत बनवायचे असेल त्याने बनवावे. मला ते इतक्या वर्षांत जमलेले नाही.

आधी धंदा सांगतो. पन्नास सालानंतर आमच्या भागात लाउडस्पीकर भाड्याने देणारे मोजकेच होते. चिंचवड स्टेशनजवळ माझे दुकान. खेड्यांत वीज नव्हती, म्हणून मोटारीची बॅटरी, मशीन, माइक आणि पितळी भोंगा, म्हणजे कर्णा, असा सगळा संसार बैलगाडीत घालून न्यायचा. मशीन तापायला वेळ लागे. तोवर वक्ते माइकवर टिचक्या मारत. कर्णा झाडावर बांधायचे काम इस्माईलभाईंचे. ते मूळचे मोटार मेकॅनिक. माझ्याकडे भागीदारीत होते आणि भागीदार असूनही मला ‘शेठ’ म्हणत, त्यात आदर किती हे मी कधी विचारले नाही.

लाउडस्पीकर ऐकणाऱ्यांसाठी लावतात, असा बाहेरच्यांचा समज असतो. समोर बसलेल्यांना ऐकू जायला खेड्यात मशीन लागत नाही. मशीन लागते ते न आलेल्यांसाठी. सत्यनारायण घालणाऱ्याला तो भाऊबंदांच्या घरात पोचवायचा असतो. माणच्या एका गृहस्थाने मुलाच्या लग्नात कर्णा मांडवाकडे पाठ करून बांधायला लावला, कारण त्या बाजूला ज्यांनी आधी स्थळ नाकारले होते त्यांचे घर होते. मंगलाष्टके त्यांनी घरबसल्या ऐकली. तेव्हा आमच्या धंद्यात पहिला प्रश्न कार्यक्रम काय, हा नसे. कर्ण्याचे तोंड कोणीकडे, हा असे. दुसरी एक गोष्ट लक्षात ठेवावी: कर्ण्याच्या मागे उभ्या असलेल्याला सगळ्यांत कमी ऐकू येते.

आता गाण्याकडे येतो. पवनेपलीकडे, पुनावळ्याच्या वाटेवर एक गाव आहे. नाव देत नाही, कारण तिथले लोक दिवाळी अंक वाचतात. निदान आपले नाव आले आहे का, एवढे पाहतात. तिथे धोंडिबा नावाचा शाहीर होता. जमीन नव्हती. दोन म्हशी होत्या, त्या गावच्या गायरानात चरत, आणि त्याची बायको हौसाबाई ते दूध नदी ओलांडून पिंपरीच्या निर्वासितांच्या कॅम्पात घालत असे. गायरान म्हणजे गावाच्या मालकीचे कुरण. ज्याला शेत नाही त्याचे जनावर त्यावर जगते. धोंडिबाचा आवाज असा होता की पहिल्या खेपेला त्याने माझ्या कर्ण्याचा पडदा फाडला. तेव्हापासून इस्माईलभाई माइकपासून दोन हात मागे चुन्याची रेघ ओढून ठेवत. “शाहीर, या रेघेच्या पुढे यायचं नाही. मशीन गरीब आहे.”

त्या सुमारास पिंपरीला कारखाने उठू लागले होते, आणि कारखान्याला सगळ्यांत आधी लागतात त्या विटा. गावचे पुढारी अण्णा. त्यांनी सामुदायिक शेतीची सोसायटी काढली. तिच्यात समुदाय होता तो अण्णांचे दोन भाऊ, तीन जावई आणि एक मेव्हणा. सोसायटीने गायरान मागून घेतले, त्याला काटेरी तार घातली आणि त्यात वीटभट्टी लावली. उन्हाळा लागायच्या आत अण्णांच्या घरावर माडी चढली.

हनुमान जयंतीच्या जत्रेला आम्ही मशीन घेऊन गेलो. जत्रा कमिटीचे अध्यक्ष अण्णाच, म्हणजे मशीन त्यांनीच बोलावलेले. इस्माईलभाई चिंचेवर चढले होते. खालून धोंडिबाने हाक दिली.

“इस्माईलभाई, कर्न्याचं त्वांड तिकडं करा.”

“तिकडं म्हणजे? लोक तर इकडं बसलेत.”

“लोकांस्नी माझा आवाज तसाबी जातोय. त्या माडीकडं करा.”

“शेठ?” इस्माईलभाईंनी वरून मला विचारले.

“गिऱ्हाईक म्हणेल तिकडे,” मी म्हटले. गिऱ्हाईक नेमके कोण, हा बारीक प्रश्न चिंचेखाली सोडवण्यासारखा नव्हता.

धोंडिबाने गणाला नमन केले आणि नवा पोवाडा काढला.

गावाचं रान, गावाचं गवत, कुणाला आंदण न्हाई
म्हस माझी मला इचारती, आता जायाचं कुठं रं भाई?

पोवाड्यात शाहीर ओळ टाकतो आणि मागे उभे असलेले साथीदार तिचा शेवट उचलून ‘जी जी रं जी’ करतात. या साथीदारांना झीलकरी म्हणतात. धोंडिबाचे झीलकरी त्याचे चुलतभाऊ. त्यांनी ‘कुठं रं भाई’ अशी उचलली की जनावर खरेच कुठेतरी उभे राहून विचारते आहे असे वाटावे. मग दुसरे कडवे आले.

रानाची माती भट्टीत गेली, भट्टीतनं झाली माडी
माडीवरनं मालक म्हनतो, म्हसच तुझी येडी

लोक खो खो हसले. अण्णा माडीच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. ते उठले नाहीत. पोवाडा संपल्यावर त्यांनी गड्याबरोबर शाहिराला नारळ पाठवला आणि सकाळी आम्ही गाडी भरत होतो तिथे स्वतः आले.

“मशीन झकास हाय तुमचं,” अण्णा म्हणाले. “शबुद न् शबुद आला. पुढच्या साली बी तुमीच या.”

पुढच्या सालाची वाट पाहावी लागली नाही. त्या हंगामात गावातल्या प्रत्येक लग्नात, बारशात, पूजेला मशीन बोलावले गेले, आणि दर वेळी शेवटी धोंडिबाला उभे करून म्हशीचा पोवाडा झालाच पाहिजे, कर्णा माडीकडेच पाहिजे. तशातच पाऊस लागला आणि वीटभट्टी बंद पडली. गावात आनंदीआनंद झाला. गाण्याने भट्टी बंद पाडली, असे जो तो सांगू लागला. भट्ट्या पावसाळ्यात बंदच असतात, पण गावाने भट्टी पहिल्यांदाच पाहिली होती, आणि धोंडिबानेही. तो मला दुकानात येऊन म्हणाला, “मशीनवाले, दोन कडवी आनिक घालतो. तारबी निघंल.”

त्याच्या चेहऱ्यावर जे होते ते मी नंतर पुष्कळ कवींच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. त्यांना पाऊस तरी भेटला नव्हता.

दसऱ्यानंतर भट्टी पुन्हा पेटली. मामलेदार येऊन गायरान पाहून गेले. पाहणी करून दमले म्हणून जेवायला अण्णांच्या माडीवर थांबले. धोंडिबाने एक म्हैस विकली. तारेबाहेर जे गवत होते त्यात एकच जगत होती.

हे दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. सत्तावनची निवडणूक तोंडावर होती. तळेगावचे एक वकीलसाहेब उभे होते. माणूस अभ्यासू, भाषण दोन तासांच्या आत कधी संपले नाही. त्यांनी कोणाच्या तरी लग्नात म्हशीचा पोवाडा ऐकला आणि थेट धोंडिबाच्या घरी आले. मला बरोबर घेतले होते, कारण प्रचाराचे मशीन माझे ठरले होते.

“शाहीर,” वकीलसाहेब म्हणाले, “चाल अप्रतिम आहे. आवाज अप्रतिम आहे. फक्त विषय जरा व्यापक करायला हवा.”

“म्हंजी कसा?”

“म्हणजे, म्हैस काढा.”

धोंडिबाने माझ्याकडे पाहिले. “म्हस काढल्याव गान्यात ऱ्हायलं काय?”

“महाराष्ट्र राहील,” वकीलसाहेब म्हणाले.

हौसाबाई दाराशी शेण कालवत होती. ती तिथूनच म्हणाली, “आन रान?”

“बाई, राज्य मिळालं की रान मिळालंच. मी निवडून आलो की पहिलं काम तुमचं गायरान. शब्द देतो.”

“शबुद आमाला बी जुळवाया येत्यात,” हौसाबाई म्हणाली. “त्यावं म्हस चरत न्हाई.”

“गप ए,” धोंडिबा म्हणाला.

वकीलसाहेबांनी तिथेच ओळी बदलून दिल्या. वकिलाच्या मानाने बऱ्या होत्या.

आमचा मुलुख, आमची मुंबई, कुणाला आंदण न्हाई
अवघा मुलुख इचारतो, राजधानी नेली कुठं रं भाई?

झीलकरीही त्यांनी दिले. तळेगावची चार तरणी पोरे, आवाजाने खणखणीत, प्रचाराच्या ऑफिसात बसून ओळी पाठ केलेली. चुलतभाऊ घरी राहिले.

चाकणच्या आठवडी बाजारात पहिली सभा झाली. चाकण वकीलसाहेबांच्या मतदारसंघात येत होते का, हे मला आजही ठाऊक नाही, पण गर्दी तिथे होती. कांद्याच्या गोण्यांवर, बैलगाड्यांवर माणसे उभी. धोंडिबाने ओळ टाकली आणि दुसऱ्या खेपेला ती बाजाराने उचलली. मागणी खोटी नव्हती. मीही ओळ उचलली. इस्माईलभाई बॅटरीवर बसले होते, त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्या दिवशी मला कोणी विचारले असते की गायकाने राजकारण गावे काय, तर मी ‘हो’ म्हणालो असतो आणि आज हा लेख चार ओळींत संपला असता.

त्यानंतर गाणे धोंडिबाचे राहिले नाही. तळेगावला टांगेवाले म्हणत होते. देहूरोडला एका मिरवणुकीत बँडने ते वाजवले. आम्ही गावात शिरायच्या आधीच गाणे तिथे पोचलेले असे आणि धोंडिबा मागून जाऊन ते लोकांना म्हणून दाखवत असे. तो खूश होता. परतताना गाडीत मला म्हणायचा, “आवंदा तार निघती बगा, मशीनवाले.” घरी उरलेल्या म्हशीची बरगडी मोजता येऊ लागली होती. हौसाबाई आता दुधाऐवजी कॅम्पात गोवऱ्या विकत होती.

मतदानाआधीची शेवटची सभा धोंडिबाच्या गावात ठरली. वकीलसाहेब मोठ्या मनाचे. ते म्हणाले, “शाहीर, आज तुमच्या गावात तुमचं मूळचं गाणं म्हणा. म्हशीसकट. माझी हरकत नाही.” धोंडिबाने सकाळपासून काही खाल्ले नव्हते. नवे धोतर नेसला होता. चारी पोरांना त्याने बाजूला घेऊन मूळच्या ओळी सांगितल्या. त्यांनी माना डोलावल्या. गायरान, म्हैस, भट्टी, माडी, सगळे आज सगळ्या तालुक्यासमोर, उद्याच्या आमदारासमोर म्हटले जाणार होते, आणि मग दिलेला शब्द कोणाला गिळता येणार नव्हता. असा त्याचा हिशोब होता आणि तो मलाही बरोबर वाटला होता.

इस्माईलभाईंनी न विचारताच कर्णा माडीकडे तोंड करून बांधला. सवयच झाली होती. मी मशीन तापवत होतो. मान वर केली तर अण्णा व्यासपीठावर.

ते आदल्याच दिवशी संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूने आले होते. भाऊ, जावई आणि मेव्हण्यासकट. सोसायटी फार शिस्तीची होती. वकीलसाहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून ते हसत हात जोडत होते. समोर माडीच्या गॅलरीत धोतरे वाळत होती आणि त्या धोतरांकडे माझ्या कर्ण्याचे तोंड होते.

धोंडिबा चुन्याच्या रेघेवर येऊन उभा राहिला. त्याने अण्णांना पाहिले. मग डोळे मिटले आणि ओळ टाकली.

“गावाचं रान, गावाचं गवत...”

“कुणाला आंदण न्हाई!” पोरांनी उचलले. इतपत ठीक होते. तेवढे शब्द दोन्ही गाण्यांत सारखेच होते.

“म्हस माझी मला...”

पण महिनाभर जी ओळ रोज घशातून गेली आहे ती ऐनवेळी बदलत नाही. पोरे मागून जोरात म्हणाली, “अवघा मुलुख इचारतो!” आणि मग समोरचा सगळा गाव, ज्याने मूळचे गाणे शंभर लग्नांत ऐकले होते तोच गाव, एका आवाजात म्हणाला, “राजधानी नेली कुठं रं भाई!”

धोंडिबाने हात वर केला. लोकांना वाटले, आणखी जोरात म्हणा म्हणतो आहे. त्याने पुन्हा ‘म्हस माझी’ काढले. गावाने पुन्हा राजधानी विचारली. चुलतभाऊ पहिल्या रांगेत होते. तेही मुंबईच म्हणत होते. तिसऱ्या खेपेला तो रेघ ओलांडून पुढे आला, माइक दोन्ही हातांनी धरला आणि ‘म्हस’ एवढाच शब्द ओरडला. मशीनने शिट्टी मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तो थांबला. त्याला गहिवरून आले असे सगळ्यांना वाटले. अण्णा उठले, वकीलसाहेबांच्या गळ्यातला हार काढून त्यांनी तो धोंडिबाच्या गळ्यात घातला आणि त्याला मिठी मारली. वकीलसाहेब माइकपाशी आले. ते म्हणाले, “कलावंताचा आवाज जगातली कोणतीही सत्ता दाबू शकत नाही!”

सभा मोडल्यावर इस्माईलभाई कर्णा उतरवत होते. धोंडिबा हार हातात घेऊन माझ्याजवळ आला.

“मशीनवाले, आवाज बारीक केला व्हता का?”

“नाही.”

“मंग माझं मलाच ऐकू का आलं न्हाई?”

“कर्ण्याच्या मागे उभ्या माणसाला कमी ऐकू येतं, शाहीर,” मी म्हणालो. हे खरे होते आणि त्याच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. इस्माईलभाई वरून म्हणाले, “शाहीर, हार गाडीत ठेवू नका. माशा येतात.”

वकीलसाहेब निवडून आले. गायरानाबद्दल धोंडिबा त्यांना भेटायला दोनदा तळेगावला गेला. पहिल्यांदा ते म्हणाले, आधी राज्य. दुसऱ्यांदा ते मुंबईला होते. उरलेली म्हैस पावसाळ्याआधी विकली गेली आणि धोंडिबा भट्टीवर विटा वाहायला लागला, कारण गावात पगाराचे काम तेवढेच होते.

त्याने राजकारण सोडून भजन धरले. वाटले, देवाच्या दारात तरी शब्द जिथल्या तिथे राहतील. पहिल्याच एकादशीला त्याने विटेवर उभ्या असलेल्या विठोबाचे भजन काढले. ‘वीट’ शब्द आला आणि देवळात खसखस पिकली. दुसऱ्या दिवशी अण्णांचा एक जावई भट्टीच्या मुकादमाकडे तक्रार घेऊन आला: शाहीर देवळात बसून भट्टीवर गाणी करतो. धोंडिबाने पुष्कळ सांगितले की वीट देवाची आहे. एकदा गायकाने राजकारण गायले की मग तो भूपाळी म्हणाला तरी लोक विचारतात, कोणाला उद्देशून? पुढच्या एकादशीला तो टाळ घेऊन मागच्या रांगेत बसला. गायला मात्र नाही, तेव्हा आणि नंतरही. मी लग्नांच्या सुपाऱ्या घेऊन त्याच्याकडे जात राहिलो. तो म्हणे, “मशीन हाय न्हवं तुमच्याकडं? तबकडी लावा.”

माझ्या दुकानात तबकड्या होत्याच. गिऱ्हाइकांना त्या जास्त पसंत पडत. तबकडी रेघ ओलांडत नाही.

धोंडिबा साठीच्या आत गेला. आणखी बऱ्याच वर्षांनी पुण्याचे एक प्राध्यापक लोकगीते गोळा करत आमच्या भागात आले. तोवर मी टेपरेकॉर्डरही भाड्याने देऊ लागलो होतो. म्हशीच्या पोवाड्याची ख्याती त्यांनी ऐकली होती. मूळचा हवा होता. मी त्यांना आधी चुलतभावांकडे नेले. ते अर्धे कडवे म्हणाले आणि मुंबईवर गेले. मग हौसाबाईकडे. ती दाराशीच बसली होती, फक्त समोर शेण नव्हते.

“बाई, तुम्हाला तरी येत असेल,” प्राध्यापक म्हणाले.

“गानं म्हशीचं हुतं,” ती म्हणाली. “म्हस गेली.”

प्राध्यापकांनी हे वाक्य टिपून घेतले आणि फार सुंदर आहे म्हणाले. हौसाबाई आत गेली.

परत निघालो तेव्हा अण्णांनी माडीवरून हाक मारली. वय झाले होते, पण आवाज शाबूत होता. काय शोधताय म्हणाले. सांगितल्यावर म्हणाले, “या की वर. मला पाठ हाय.”

आणि पाठ होते. सगळे. जत्रेतली दोन कडवी, नंतर धोंडिबाने घातलेली, मी विसरलेली, कोणालाच आठवत नसलेली, सोसायटीच्या मेव्हण्यावरचे सुद्धा. एका हंगामात त्यांनी ते जितक्या वेळा ऐकले तितके गावात कोणी ऐकले नव्हते. झीलकरी नव्हते म्हणून ‘जी जी रं जी’ही स्वतःच केले. ‘म्हसच तुझी येडी’ला ते इतके हसले की उपरण्याने डोळे पुसावे लागले.

प्राध्यापकांनी चाचरत विचारले, “अण्णा, पण हे तुमच्यावरच होतं ना?”

“मंग!” अण्णा म्हणाले. “दुसऱ्या कुनावं असतं तर धोंडिबानं येवढा जीव लावून केलं असतं व्हय?”

लोककलेचा एवढा मोठा ठेवा जपल्याबद्दल प्राध्यापकांनी उठून त्यांना नमस्कार केला. गॅलरीतून जुनी चिंच दिसत होती. तिच्या फांदीवर आमच्या दोरीचा घासलेला वळ अजून होता.

टेपरेकॉर्डर माझाच होता. त्यालाही डाव्या हाताला एक काळे बटन आहे. रेकॉर्डिंग स्वच्छ आले.